रबराच्या बिया खिशात घेऊन फिरणारा माणूस

बेळगावहून पाटणे फाट्यामार्गे तिलारी घाट उतरून दोडामार्ग तालुक्यात शिरलं, की मधूनच एकसारखी झाडं ओळीने उभी दिसतात. सालीला तिरका छेद, छेदाच्या टोकाला वाटी, वाटीत पांढरा चीक. केरळमधून आलेल्या बागायतदारांनी या पट्ट्यात जमिनी घेतल्या आणि रबर लावलं, हे दोडामार्ग, सावंतवाडी, डिचोली, सत्तरी, चंदगडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. पण हे झाड आशियात पीक म्हणून उभं राहिलं ते बऱ्याच अंशी एका माणसाच्या हट्टामुळे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

आणि खरी गंमत पुढेच आहे. याच माणसाने म्हातारपणी, झाडांच्या बिया जगभर कशा पसरतात यावर सातशेहून जास्त पानांचा ग्रंथ लिहिला. उष्ण प्रदेशातल्या जंगलात एकाच जातीच्या झाडांची गर्दी का होत नाही, याचं कारण त्यात त्याने नोंदवून ठेवलं. म्हणजे लाखो एकरांवर एकच झाड लावायला लावणारा माणूस आणि असं एकच झाड जंगलाला का चालत नाही हे ओळखणारा माणूस, दोघे एकच.

नाव हेन्री निकोलस रिडली. २४ ऑक्टोबर ही त्यांची पुण्यतिथी.

रिडलींचा जन्म १० डिसेंबर १८५५ चा, इंग्लंडच्या नॉरफॉक परगण्यातला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. मुलगा लहानपणापासून किडे, पाखरं, झाडपाला गोळा करणारा. ऑक्सफर्डला निसर्गविज्ञान शिकून १८७७ मध्ये पदवी घेतली आणि १८८० मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये वनस्पती विभागात नोकरी लागली. काम काय, तर जगभरातून आलेली वाळलेली झाडं कागदावर चिकटवायची, ओळखायची, नावं द्यायची. टेबलावरचं काम. अनेकांचा जन्म अशा नोकरीत सुखाने गेला असता.

१८८७ मध्ये ते ब्राझीलच्या किनाऱ्यापासून सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर असलेल्या फर्नांडो दि नोरोन्या नावाच्या बेटावर मोहिमेला गेले. समुद्रातून वर आलेलं ज्वालामुखीचं बेट. मुख्य भूमीशी ते कधी जोडलेलंच नव्हतं, त्यामुळे तिथल्या प्रत्येक झाडाबद्दल एकच प्रश्न उभा राहतो: हे इथे आलं कसं? वाऱ्याने, समुद्राच्या लाटांनी, पाखराच्या पोटातून, पाखराच्या पायाला लागलेल्या चिखलातून की माणसाच्या बोटीतून? हा प्रश्न पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं रिडलींच्या मागे लागला.

पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, त्यांना सिंगापूरची नेमणूक मिळाली. हुद्दा मोठा होता. सिंगापूर, पिनांग आणि मलाक्का या ब्रिटिश वसाहतींच्या बागा आणि जंगलं या दोन्हींचे संचालक. वाटेत ते श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, पेरादेनियाच्या सरकारी बागेत थांबले. तिथे दोन गोष्टी बघण्यासारख्या होत्या. एक म्हणजे ब्राझीलहून आणलेली रबराची झाडं. दुसरी म्हणजे कॉफीची दैना. सिलोनच्या डोंगरांवर इंग्रज मळेवाल्यांनी नुसती कॉफी लावली होती. १८६९ मध्ये तिच्या पानांवर तांबेरा दिसला आणि पुढच्या वीसेक वर्षांत तो सगळा धंदा बसला. मळेवाले चहाकडे वळले. एकच झाड दाटीने लावलं की एक बुरशी काय करू शकते, याचं हे त्या काळातलं सगळ्यात मोठं उदाहरण होतं. रिडली तिथून गेले तेव्हा जखम ताजीच होती.

आता रबर आशियात आलं कसं, ते थोडक्यात. रबराचं झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या जंगलातलं. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम या इंग्रजाने ॲमेझॉनला मिळणाऱ्या तापाजोस नदीच्या परिसरातून सुमारे ७०,००० बिया गोळा करून बोटीने इंग्लंडला नेल्या. रबराच्या बीला तेल फार. ती फार दिवस टिकत नाही, काही आठवड्यांत मरते. लंडनच्या क्यू बागेत त्या पेरल्या तेव्हा शेकडा चारच्या आसपासच रुजल्या. त्यातली बहुतेक रोपं सिलोनला गेली. १८७७ मध्ये २२ रोपं सिंगापूरला पोचली. मलेशियातल्या रबराची आजी-आजोबा मंडळी म्हणजे ही २२ रोपं, असं म्हटलं तरी चालेल.

रिडली आले तेव्हा त्यांतली जगलेली झाडं आणि त्यांची पिल्लावळ बागेत होती, पण झुडपांत हरवलेली. कुणाला त्यांचं सोयरसुतक नव्हतं. मळेवाल्यांना कॉफी हवी होती. सरकारला झटपट उत्पन्न हवं होतं. जे झाड लावल्यावर सहा-सात वर्षं काहीच देत नाही, त्यात पैसा कोण अडकवणार? व्यापाराच्या हिशेबाने मळेवाल्यांचं चुकत होतं असंही नाही.

रिडलींनी झुडपं साफ केली आणि झाडावर प्रयोग सुरू केले. ॲमेझॉनमधले रबर काढणारे छोट्या कुऱ्हाडीने खोडावर घाव घालत. चीक मिळे, पण घाव आतल्या लाकडापर्यंत जाई, झाडाला गाठी येत, पुढे ते निकामी होई. जंगलात ते चालून जायचं, एक झाड गेलं तर दुसरं. मळ्यात तसं चालणार नव्हतं. रिडलींनी कुऱ्हाड बाजूला ठेवली आणि चाकूने सालीचा पातळ पापुद्रा तिरका काढायला सुरुवात केली. मधोमध एक उभी खाच, तिच्या दोन्ही बाजूंना तिरके छेद, माशाच्या काट्यासारखे. सालीच्या आत जो जिवंत थर असतो, ज्यातून नवी साल येते, त्याला धक्का लावायचा नाही. दुसऱ्या वेळी नवी जखम करायची नाही, तर त्याच छेदाची कड पातळ खरवडायची. त्यांच्या लक्षात आलं, की असं केल्यावर चीक कमी होण्याऐवजी वाढतो. सकाळी लवकर तो जास्त येतो, ऊन चढलं की आटतो. आणि काढलेली साल काही वर्षांत पुन्हा भरून येते, म्हणजे तेच झाड वर्षानुवर्षं चीक देऊ शकतं.

ऐकायला ही साधी गोष्ट वाटते. पण रबर मळ्याचं पीक झालं ते या चाकूमुळे. आज दोडामार्गात पहाटे जो माणूस हातात चाकू घेऊन झाडाझाडापाशी जातो, त्याच्या हातातलं तंत्र मुळात हेच आहे. हत्यारं सुधारली, छेदाची तऱ्हा बदलली, तत्त्व तेच.

पुढची काही वर्षं रिडलींनी एकच उद्योग केला. भेटेल त्या मळेवाल्याला रबराचं महत्त्व सांगायचं. सांगतात, की ते कोटाच्या खिशात रबराच्या बिया घेऊन फिरत आणि पाहुण्याच्या हातात कोंबत. लोकांनी नाव ठेवलं, वेडा रिडली. वरिष्ठही कुरकुरत, की सरकारी माणसाने परदेशी झाडाच्या नादी का लागावं. रिडली बधले नाहीत. हे गृहस्थ हट्टी होते आणि त्यांना घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, हेही खरं.

१८९६ मध्ये मलाक्कातल्या तान चाय यान या चिनी वंशाच्या व्यापाऱ्याने बुकित लिंतांग इथे ४० एकरांवर रबर लावलं. मलायातला हा पहिला धंदेवाईक मळा मानला जातो. इंग्रज मळेवाले विचार करत बसले होते, तेव्हा धोका पत्करला तो एका स्थानिक चिनी माणसाने, ही गोष्ट रिडलींच्या चरित्रात अनेकदा एका ओळीत उरकली जाते. तशी ती उरकू नये. बी खिशात घेऊन फिरणारा एक आणि जमीन-पैसा लावणारा दुसरा, दोघे नसते तर काही झालं नसतं. त्याच सुमारास ब्राझीलमध्ये कॉफीचं अमाप पीक येऊ लागलं, भाव कोसळले आणि मलायातल्या कॉफीवाल्यांनाही मग वेड्या रिडलींची आठवण झाली.

योगायोग बघा, रिडली सिंगापूरला पोचले त्याच १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं होतं. आधी सायकली, मग मोटारी. मळ्यातली झाडं चीक देण्याच्या वयाला आली आणि जगाला टायर हवे झाले. १९१० मध्ये लंडनच्या बाजारात रबराचा भाव पौंडाला १२ शिलिंगांच्या वर गेला. रबर कंपन्यांच्या शेअरवर लंडनपासून शांघायपर्यंत लोक तुटून पडले. मळा कुठे आहे, झाडं लावलीत की नाहीत, हेही न बघता शेअर घेतले गेले. त्याच वर्षी शांघायचा तो फुगा फुटला आणि तिथल्या देशी पेढ्या बुडाल्या. पण लागवड थांबली नाही. १९२० च्या सुमाराला जगातलं निम्मं रबर एकट्या मलायातून जात होतं आणि त्या दशकात तिथलं रबराचं क्षेत्र वीस लाख एकरांच्या पुढे गेलं.

या यशाची किंमत कुणी दिली, तेही लिहायला हवं. मळ्यांवर राबायला दक्षिण भारतातून, मुख्यतः तमिळ आणि काही तेलुगू, मजूर नेले गेले. अनेकजण आगाऊ रकमेच्या कर्जात अडकून गेले. हिवताप, अतिसार, जनावरासारखी राबणूक, यांत कितीतरी माणसं तिकडेच संपली. आणि दुसरी किंमत जंगलाने दिली. सिंगापूरचं जंगल काथ, मिरी यांच्या लागवडीने रिडली येण्याआधीच बरंच उजाड झालं होतं, हे मान्य. गटापर्चा नावाच्या चिकासाठी, ज्याने समुद्राखालच्या तारा मढवत, त्या जातीची झाडं मुळापासून तोडून संपवत आणली होती. पण मलायातलं उरलेलं सखल जंगल रबराने खाल्लं. रिडलींच्या हुद्द्यात बागा आणि जंगलं असे दोन शब्द होते. बागेतल्या झाडाने जंगलाची जागा घेतली.

मात्र रिडलींचं मन फक्त रबरात होतं असं समजू नका. त्यांच्या कामाची यादी काढली तर एका माणसाने हे कधी केलं असा प्रश्न पडतो. नारळाची झाडं पोखरणाऱ्या भुंग्यांवर त्यांनी सरकारला अहवाल दिला. १८९३ मध्ये ॲग्नेस जोआकीम या बाईंनी आपल्या बागेतलं एक नवं ऑर्किड त्यांना दाखवलं, त्याची शास्त्रीय नोंद रिडलींनी केली. तेच फूल पुढे १९८१ मध्ये सिंगापूरचं राष्ट्रीय फूल झालं. वाघ, साप, पाखरं, मासे, जे दिसेल त्यावर ते टिपणं लिहीत. १९०७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

पण बियांचा प्रश्न सुटला नव्हता. मलायाच्या जंगलात उंचच उंच वाढणारी एक मोठी कुळी आहे. त्यांच्या फळांना लांब पंख असतात. आपल्याकडच्या ऐनाला, किंजळीलाही पंखांची फळं असतात, ती भिंगरीसारखी फिरत खाली येतात, तसलाच पण मोठा प्रकार. पंख आहेत म्हणजे वाऱ्याने लांब जात असतील, असा कुणाचाही समज होईल. रिडलींनी झाडाखाली जाऊन अंतरं मोजली. दाट जंगलात वारा आत शिरत नाही. पंखवाली फळंही आईच्या आसपासच पडतात, फार तर शंभरेक यार्डांवर. असं झाड फळायला तीसेक वर्षं लागतात असं धरा. म्हणजे दर तीस वर्षांनी शंभर यार्ड. शंभर मैल जायचे तर १,७६० पिढ्या, म्हणजे पन्नास हजारांहून जास्त वर्षं! वाऱ्यावर विसंबून राहणारं जंगल कासवालाही हसवेल.

मग दूरवर कोण जातं? ज्यांना वाहक मिळतो ते. रिडली १८९० मध्ये आणि पुन्हा १९०४ मध्ये हिंद महासागरातल्या ख्रिसमस बेटावर गेले. ते बेटही मुख्य भूमीशी कधी जोडलेलं नव्हतं, तरी जंगलाने भरलेलं होतं. तिथे मोठी रानकबुतरं होती, फळं खाणारी वटवाघळं होती. किनाऱ्यावर समुद्राने आणलेली झाडं, आत पाखरांनी आणलेली. जायफळाच्या जातीची झाडं हे याचं चांगलं उदाहरण. फळ पिकलं की फुटतं, आत बीवर लालभडक जायपत्रीचं जाळं. ते जाळं पाखरासाठी. रानकबुतर किंवा धनेश आख्खी बी गिळतो, जाळं पचवतो आणि बी दुसरीकडे टाकतो. रिडलींनी १९१२ मध्ये मसाल्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात जायफळाला भरपूर जागा दिली आहे.

त्याच सुमारास ते निवृत्त होऊन इंग्लंडला परतले आणि क्यू बागेजवळ राहू लागले. पेन्शन घेऊन स्वस्थ बसण्याचं वय होतं. १९२२ ते १९२५ या काळात त्यांनी मलाया द्वीपकल्पातल्या वनस्पतींवर पाच खंड काढले. आणि १९३० मध्ये, पंचाहत्तरीला टेकलेले असताना, तो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. जगातल्या वनस्पतींचा प्रसार, हा विषय. ७४४ पानं. वारा, पाणी, पशू, पक्षी, सरपटणारे प्राणी, मासे, किडे, कपड्याला-केसाला चिकटणारी बी, फट्कन उडणारी बी, आणि शेवटी माणूस. आपल्या भाषेत सांगायचं तर सावरीच्या म्हातारीपासून आघाड्यापर्यंत, तेरड्यापासून नारळापर्यंत सगळ्यांचा जमाखर्च. पुस्तक गोष्टीसारखं वाचायचं नाही, वहीसारखं उघडायचं आहे. पानोपानी नोंदी: अमुक झाड, अमुक प्राणी, अमुक ठिकाणी पाहिलं.

या ढिगात एक निरीक्षण आहे, ज्यावर त्यांनी फार शाई खर्च केली नाही. एकाच जातीची पुष्कळ झाडं एकत्र वाढली, की त्यांच्यावर एखादी कीड नाहीतर बुरशी हमखास पडते. म्हणून जंगलात एकाच जातीचं राज्य होत नाही. आणि म्हणून बीने आईपासून दूर जाण्याला अर्थ आहे. जवळ पडलेली बी आईच्या शत्रूंच्या तावडीत सापडते, दूर गेलेली वाचते.

आपल्याकडे हे कुणालाही पडताळता येईल. पावसाळ्यात रानातल्या मोठ्या झाडाखाली त्याचीच शेकडो रोपं उगवलेली दिसतात. पुढच्या वर्षी जाऊन बघा, बहुतेक गायब. सावली हे एक कारण, पण एकमेव नाही. आईच्या पानांवरच्या अळ्या खाली उतरतात, तिच्या मुळांजवळची बुरशी कोवळ्या देठाला लागते, उंदीर-घुशींना ती जागा पाठ झालेली असते. तेच एखादं फळ कांडेचोराने खाऊन दुसऱ्या डोंगरावर बी टाकली, तर तिथे तिला ओळखणारा शत्रू कमी. तिच्या शेजारी मग दुसऱ्याच जातीचं झाड वाढतं. असं लाखो वेळा झालं, की जंगलात एका जागी शंभर जातींची झाडं एकमेकांत मिसळून उभी राहतात.

रिडलींच्या त्या निरीक्षणाकडे तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. चाळीस वर्षांनी, १९७० मध्ये डॅनियल जान्झेन यांनी मध्य अमेरिकेतल्या अभ्यासावरून आणि १९७१ मध्ये जोसेफ कॉनेल यांनी ऑस्ट्रेलियातल्या जंगलावरून हाच मुद्दा स्वतंत्रपणे, नीट सिद्धांताच्या रूपात मांडला. उष्ण प्रदेशातल्या जंगलांत इतक्या जाती एकत्र का नांदतात, याच्या उत्तरांत आज या सिद्धांताचं नाव वरच्या क्रमांकावर घेतलं जातं. रिडलींच्या मलायातच, पासोहच्या जंगलात, शास्त्रज्ञांनी ५० हेक्टर जागेतलं प्रत्येक झाड मोजलं. आठशेहून जास्त जाती निघाल्या. अख्ख्या इंग्लंडात मूळच्या झाडांच्या जाती काही डझनांच्या पुढे जात नाहीत. हेच एकमेव कारण आहे असं नाही, वाद चालू आहेत. पण पहिल्यांदा बोट ठेवणाऱ्यांत रिडली होते, हे आता अभ्यासक आवर्जून नोंदवतात.

आता साहजिक प्रश्न: एकाच झाडाची गर्दी कीड ओढवून घेते, तर मलायात लाखो एकर रबर कसं टिकलं?

उत्तर रिडलींच्याच सूत्रात आहे. ॲमेझॉनच्या जंगलात रबराची झाडं विखुरलेली असतात, एकापासून दुसरं बरंच लांब. रबराचं फळ उन्हात फट्कन फुटतं आणि बी काही मीटर लांब उडते. पुढचा प्रवास पुराच्या पाण्याचा, त्यात माशांचाही वाटा. इतकं विखुरलेलं असण्याचं एक कारण म्हणजे तिथली एक बुरशी, जी रबराची कोवळी पानं करपवते. विकहॅमच्या बिया अर्ध्या जगाला वळसा घालून सिंगापूरला आल्या. बुरशी मागे राहिली. आईपासून दूर गेलेली बी शत्रूपासून वाचते, हा नियम यापेक्षा मोठ्या प्रमाणावर कधी सिद्ध झाला नसेल. फक्त इथे पाखराच्या जागी आगबोट होती.

उलटा पुरावाही लगेच मिळाला, आणि तो महागात पडला अमेरिकेच्या हेन्री फोर्डना. मोटारींसाठी स्वतःचं रबर हवं म्हणून त्यांनी १९२८ मध्ये ॲमेझॉनच्या जंगलात फोर्डलँडिया नावाची वसाहत वसवली. जागा कुठली? तापाजोस नदीचा काठ, ज्या नदीच्या परिसरातून विकहॅमने बिया नेल्या तीच. म्हणजे रबराच्या माहेरीच त्यांनी दाटीवाटीने रबर लावलं. झाडांची पालवी एकमेकांना भिडली आणि बुरशी मळाभर फिरली. जागा बदलून पाहिली, तिथेही तेच. शेवटी १९४५ मध्ये फोर्ड कंपनीने कोट्यवधी डॉलरचा तोटा सोसून सगळं ब्राझील सरकारला विकून टाकलं. पैसा, यंत्रं, शिस्त, कशाची कमतरता नव्हती.

आपल्या सीमाभागापुरतं बोलायचं तर हा विषय पुस्तकातला राहिलेला नाही. दोडामार्ग तालुक्यातच, हेवाळे-बांबर्डे इथे, रानजायफळाची दलदलीतली देवराई आहे. गावाने राखलेली. २०२१ मध्ये तिला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. गोव्यात सत्तरीत बांबर गावची निरंकाराची राय त्याच प्रकारची. रिडलींनी सांगितलेली जायफळाची गोष्ट, लाल जाळं, मोठी बी आणि ती गिळणारा धनेश, ही सगळी इथे घरचीच मंडळी आहेत. मोठी बी नेणारं पाखरू मोठंच लागतं. आपल्याकडे ते काम मुख्यतः धनेशाचं, ज्याला कोकणात माडगरुडही म्हणतात. त्याला वर्षभर फळं हवीत, उंबर-वडासारखी झाडं हवीत आणि घरट्याला जुनं, मोठी ढोली असलेलं झाड हवं. रबराच्या मळ्यात यातलं काहीच नाही. दोन रायांच्या मध्ये रबर पसरलं, की इकडची बी तिकडे जायची थांबते. राई उभी दिसते, पण तिची पोरं आईखालीच पडून मरतात.

सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बंदी घातली, ती वन्यजीवांच्या जाण्या-येण्याचा मार्ग वाचावा म्हणून. वाघ-हत्तींच्या नावाने तिची चर्चा होते. बियांचाही तोच मार्ग आहे, हे बोललं जात नाही. अर्थात जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याला रोकड लागते आणि काजूपेक्षा रबर परवडतं असं ज्याला वाटतं त्याला दोष देऊन भागणार नाही. मलायातही प्रत्येकाचा हिशेब आपापल्या जागी बरोबरच होता.

रिडलींनी स्वतः या दोन गोष्टी, आपलं रबर आणि आपलं ते निरीक्षण, शेजारी ठेवून कधी पाहिल्या असतील का, हा प्रश्न त्यांचं आयुष्य वाचताना राहून राहून येतो. ते साम्राज्याचे नोकर होते, साम्राज्याला पीक हवं होतं, ते त्यांनी दिलं. जंगलावर त्यांचं मनापासून प्रेम होतं, त्याची नोंद त्यांनी मरेपर्यंत ठेवली. एकाच माणसात हे दोन्ही होतं.

म्हातारपण त्यांचं मजेशीर गेलं. ऐंशी ओलांडल्यावर त्यांनी लग्न केलं, आयुष्यातलं पहिलं. १९५० मध्ये लिनियन सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. १९५५ च्या डिसेंबरात शंभरी पूर्ण झाली. २४ ऑक्टोबर १९५६ रोजी क्यू इथे त्यांचं निधन झालं.

त्याच वर्षी, त्यांच्या मृत्यूच्या तीनेक महिने आधी, आशिया-पॅसिफिक देशांचा वनस्पती संरक्षण करार अंमलात आला. त्यात एका रोगासाठी वेगळं कलम होतं. दक्षिण अमेरिकेतली रबराची पानं करपवणारी बुरशी या भागात येऊ द्यायची नाही, त्यासाठी तिकडून येणारी रोपं, बिया, माती यांवर कडक बंधनं. भारतही या करारात आहे. आशियातल्या रबराच्या मळ्यांत ती बुरशी अजून शिरलेली नाही.